वाऱ्याच्या किनाऱ्याने अस्टोरियापर्यंत

ओरेगनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा एक ठरलेला कार्यक्रम असतो. भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे आले, त्यांची झोप जरा ताळ्यावर आली, की पुढच्या शनिवारी त्यांना समुद्र दाखवायला न्यायचे. कॅनन बीचवर तो २३५ फूट उंचीचा हेस्टॅक रॉक दाखवायचा, एका हाताने कानटोपी आणि दुसऱ्या हाताने पदर सांभाळणाऱ्या आईचा फोटो काढायचा, "अगं बाई, समुद्रावर कधी एवढं गार असतं का!" हे ऐकायचे आणि येताना टिलामुकचे चीज घेऊन संध्याकाळी घरी. पाहुण्यांत एखादे गृहस्थ इतिहासाचे जाणकार असले तर गाडीत बसता बसता म्हणतात, "प्रदेश सुंदर आहे हो, पण इतिहास म्हणाल तर काय, दोनशे वर्षांचा!"

खरे तर तेही बरोबर नाही. क्लॅटसॉप, चिनूक, टिलामुक हे मूळ रहिवासी या किनाऱ्यावर हजारो वर्षे मासे धरत आणि व्यापार करत राहिले. पण वादासाठी दोनशेच वर्षे धरली, तरी त्यांतली काही पाने आपली आहेत. भारताच्या स्वातंत्र्यासाठी परदेशात उभ्या राहिलेल्या एका मोठ्या चळवळीची पहिली बैठक ज्या गावांत झाली, त्यांतले एक गाव याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला आहे. त्या चळवळीत दोन मराठी नावे ठळक आहेत. त्यांची ओळख आपल्या मुलांना असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या नोव्हेंबरच्या मध्यावर मी आणि माझा एक पंजाबी मित्र या किनाऱ्याने दोन दिवस फिरलो. आम्ही दोघे एकाच सुमारास पोर्टलंडला आलो, एकाच इमारतीत भाड्याने राहिलो, आणि आता आमची मुले एकाच हायस्कुलात आहेत. मी त्याला पाजी म्हणतो आणि तो मला भाऊ म्हणतो. तो जालंधरजवळच्या खेड्यातला. त्याच्या पणजोबांचे धाकटे भाऊ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लाकडाच्या गिरणीत कामाला म्हणून अमेरिकेत आले होते. घरात त्यांना सगळे बाबाजी म्हणत. ते १९१४ साली परत गेले, बंदरावरच पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले आणि महायुद्ध संपेपर्यंत स्वतःच्याच गावात नजरकैदेत ठेवले. घरात त्यांचा एक फोटो आणि एका गावाचे नाव एवढेच उरले. ते नाव पिढ्यांच्या तोंडून घासून घासून 'स्टोरिया' झाले होते. "लहानपणी मला वाटायचं, बाबाजी कुठल्या तरी गोष्टीतच राहायचे," पाजी म्हणाला. त्याला ते गाव पाहायचे होते. मला वाटेत एक मराठी माणूस भेटणार होता. म्हणून सरळ रस्त्याने न जाता आम्ही लांबचा रस्ता धरला.

तो मराठी माणूस कोर्व्हॅलिसला भेटतो. आज तिथे ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटी आहे. शंभर वर्षांपूर्वी तिचे नाव ओरेगन कृषी महाविद्यालय होते, आणि तिथे काही काळ वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे शिकत होते. वर्ध्यात वाढलेला हा मुलगा लोकमान्य टिळकांच्या प्रभावाने पेटला आणि जपानमार्गे कॅलिफोर्नियात आला. त्याला दोन विद्या हव्या होत्या, शेतीची आणि युद्धाची. शेतीसाठी तो बर्कली, कोर्व्हॅलिस आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातले पुलमन असा फिरला. युद्धविद्येसाठी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन राफेल येथील लष्करी शाळेत गेला. पोटासाठी मिळेल ते काम करायचे, सुट्टीत मजुरांच्या वस्त्यांतून हिंडायचे आणि रात्री स्वातंत्र्याच्या गोष्टी बोलायच्या असा त्यांचा क्रम होता. पोर्टलंडच्या गिरण्यांतले सोहनसिंग भकना आणि पंडित काशीराम यांच्याशी त्यांची गाठ पडली ती याच काळात. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले आज त्याच विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकत आहेत. हिरवळीवरून चालताना पाजी म्हणाला, "तेव्हा इथून भारतात फोन नव्हता, पत्राला महिना लागायचा, आणि हा माणूस इथे बसून इंग्रजांशी लढायची तयारी करत होता." मी म्हटले, "आणि मक्याचीही." ती गोष्ट पुढे येईल.

कोर्व्हॅलिसहून डोंगर ओलांडून न्यूपोर्टला उतरलो तेव्हा वारा काय असतो ते कळले. गाडीचे दार उघडायला दोन हात लागले, आणि बंद करायला वाऱ्यानेच मदत केली. न्यूपोर्टजवळच्या याकिना हेडवर १८७३ साली पेटलेला दीपस्तंभ आहे, ९३ फूट उंच, ओरेगनमधला सर्वांत उंच. नोव्हेंबरात इथला पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. छत्री धरलेला माणूस दिसला की तो पाहुणा आहे हे स्थानिकांना लगेच कळते. आम्ही रेनकोटची टोपी घट्ट आवळून गाडीच्या आडोशाला थर्मासमधला चहा प्यालो. पाजीच्या बायकोने मेथीचे पराठे दिले होते, माझ्या घरून भडंग होते. भडंगाची पुडी उघडताच अर्धे भडंग सीगल पक्ष्यांच्या वाट्याला गेले.

तिथून १०१ नंबरचा रस्ता समुद्राच्या काठाकाठाने उत्तरेकडे जातो. न्यूपोर्ट ते अस्टोरिया हे अंतर सुमारे १३५ मैल. लिंकन सिटीजवळ ४५ वे अक्षांश ओलांडले, म्हणजे विषुववृत्त आणि उत्तर ध्रुव यांच्या बरोबर मध्यावर आलो. टिलामुक मागे पडले, की नियाकानी डोंगराच्या कड्यावर रस्ता समुद्रापासून कित्येक शे फूट उंच चढतो. कठड्यापाशी उभे राहिले की खाली लाटा दिसतात, पण वाऱ्यामुळे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही.

याच भागातल्या एका उद्यानाला ऑस्वल्ड वेस्ट यांचे नाव आहे. हे गृहस्थ १९११ ते १९१५ ओरेगनचे गव्हर्नर होते. त्यांच्या काळात, १९१३ साली, कोलंबिया नदीच्या मुखापासून कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंतचा भरती-ओहोटीचा सारा किनारा कायद्याने सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर झाला. कारण साधे होते. रस्ते नव्हते, त्यामुळे लोक ओल्या वाळूवरूनच घोडागाड्या हाकत. पण त्या एका कायद्यामुळे किनाऱ्याची खासगी विक्री थांबली, आणि १९६७ च्या कायद्याने वरच्या कोरड्या वाळूवरही सर्वांचा वावर पक्का झाला. म्हणून आज ओरेगनच्या किनाऱ्यावर कुठेही, कोणीही, कुणाला न विचारता फिरू शकतो.

पाटी वाचून पाजी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "१९१३! म्हणजे ज्या वर्षी किनारा सगळ्यांचा झाला, त्याच वर्षी बाबाजी इथे होते. 'सगळ्यांत' ते धरले होते का?"

या प्रश्नाचे उत्तर समजायला थोडे मागे जावे लागेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून माणसे पॅसिफिकच्या या काठाला येऊ लागली. पुष्कळ जण इंग्रजांच्या फौजेत नोकरी केलेले होते. जमीन गहाण टाकून तिकिटाचे पैसे उभे केलेले. आधी कॅनडातले व्हँकुव्हर, मग दक्षिणेला वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्निया. काम म्हणजे लाकूड कापण्याच्या गिरण्या, रेल्वेचे रूळ, शेतमळे. दिवसाची मजुरी दोन डॉलरच्या आसपास. गावाकडच्या मानाने ती मोठीच होती, पण गोऱ्या मजुरांना वाटे की हे लोक आपले दर पाडतात. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या बेलिंगहॅम गावात शेकडो लोकांचा जमाव भारतीय मजुरांच्या वस्तीवर चालून गेला, त्यांना बिछान्यांतून ओढून बाहेर काढले, आणि एक-दोन दिवसांत सगळे भारतीय गाव सोडून गेले. १९०८ साली कॅनडाने असा नियम केला की मायदेशातून न थांबता थेट प्रवास करून आलेल्यालाच प्रवेश मिळेल. भारतातून तशी थेट बोटच जवळपास नव्हती. मार्च १९१० मध्ये पोर्टलंडला लागूनच असलेल्या सेंट जॉन्स गावात भारतीयांवर हल्ला झाला. सेंट जॉन्स आज पोर्टलंड शहराचाच भाग आहे. तिथल्या सुंदर पुलावरून आपण अनेकदा गेलो असू.

वर्तमानपत्रे या सर्वांना 'हिंदू' म्हणत. त्यांतले बहुसंख्य शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू, पण इथे सगळे एकाच नावाचे. या माणसांना हळूहळू एक गोष्ट जाणवू लागली. जपानी माणसावर हल्ला झाला तर जपान सरकार विचारणा करते. आपल्यावर हल्ला झाला तर विचारणारे कोण? ज्या साम्राज्यासाठी आपण बंदूक धरली, ते आपल्यासाठी बोटही उचलत नाही. घर सोडून पोट भरायला आलेले मजूर स्वातंत्र्याच्या विचाराकडे वळले, ते पुस्तके वाचून नव्हे, तर असे अनुभव घेऊन.

त्या रात्री आम्ही सीसाइडला मुक्काम केला. रात्रभर खिडकीची तावदाने वाजत होती. सकाळी पहिल्यांदा फोर्ट क्लॅटसॉपला गेलो. लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीने १८०५-०६ चा हिवाळा इथे लाकडी कोटात काढला. १०६ दिवसांच्या मुक्कामात फक्त १२ दिवस पाऊस पडला नाही. मग फोर्ट स्टीव्हन्सच्या वाळूत रुतलेला 'पीटर आयरडेल' या जहाजाचा गंजलेला सांगाडा पाहिला. चार डोलकाठ्यांचे हे पोलादी जहाज २५ ऑक्टोबर १९०६ रोजी मेक्सिकोहून पोर्टलंडकडे येताना वादळी वाऱ्यात किनाऱ्यावर चढले. माणसे सगळी वाचली, जहाज मात्र कायमचे तिथेच राहिले. कोलंबिया नदी जिथे समुद्राला मिळते तो वाळूचा उंबरठा इतका भयंकर आहे की या टापूला 'पॅसिफिकची दफनभूमी' म्हणतात. १७९२ पासून सुमारे दोन हजार लहानमोठी जहाजे इथे बुडाली, असे सांगतात. हा उंबरठा ओलांडला की आतल्या बाजूला, नदीच्या दक्षिण काठावर, टेकडीच्या उतरणीवर बसलेले गाव म्हणजे अस्टोरिया.

अस्टोरियाची सुरुवात १८११ साली जॉन जेकब ॲस्टर यांच्या कंपनीच्या कातडी व्यापाराच्या ठाण्याने झाली. पुढे इथे सॅमन मासा डबाबंद करण्याचे कारखाने निघाले. त्यांत चिनी मजूर राबले. मागोमाग फिनलंडहून मच्छीमार आले, इतके की गावाचा पश्चिमेकडचा युनियनटाऊन हा भाग फिनिश लोकांचाच झाला. पूर्वेच्या टोकाला हॅमंड कंपनीची लाकडाची मोठी गिरणी होती. तिच्या आवारात भारतीय मजूर एकत्र राहत. त्या गल्लीला गावकरी 'हिंदू ॲली' म्हणत. इथे बेलिंगहॅमसारखा हल्ला झाला नाही. हे मजूर गावात कुस्त्या खेळत आणि फिनिश पहिलवानही त्यांच्याशी भिडत. आपली माणसे ज्या गावात थोडी पाय रोवून राहू शकली, त्या मोजक्या गावांपैकी हे एक होते.

फिनिश लोकांचा इथला संबंध नुसता शेजाराचा नव्हता. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता, १८०९ पासून. तो स्वतंत्र झाला १९१७ साली. म्हणजे अस्टोरियात समोरासमोर राहणारे हे दोघेही परक्या राजवटीचे प्रजाजन. फिनिश समाजवाद्यांचे इथे स्वतःचे सभागृह होते, स्वतःचे वर्तमानपत्र होते. १९१३ च्या वसंतात पोर्टलंड परिसरातल्या गिरण्यांतून बैठका झाल्या. त्यानंतर अस्टोरियातल्या याच फिनिश सोशलिस्ट हॉलमध्ये लाला हरदयाळ यांचे व्याख्यान झाले, आणि गिरणीतून सुटलेले मजूर तिथे जमले. या बैठकांतून 'पॅसिफिक कोस्ट हिंदुस्तान असोसिएशन' उभी राहिली. अध्यक्ष सोहनसिंग भकना, सरचिटणीस हरदयाळ, खजिनदार पंडित काशीराम. मुख्य कचेरी सॅन फ्रान्सिस्कोला, नाव 'युगांतर आश्रम'. १ नोव्हेंबर १९१३ रोजी तिथून 'गदर' साप्ताहिकाचा पहिला अंक उर्दूत निघाला आणि महिन्याभरात गुरुमुखीतही निघू लागला. गदर म्हणजे बंड. १८५७ च्या युद्धाला इंग्रज तुच्छतेने जे नाव देत, तेच या मंडळींनी अभिमानाने घेतले. पुढे सगळी संघटनाच 'गदर पार्टी' म्हणून ओळखली जाऊ लागली. तिची लढाऊ बाजू ज्यांनी सांभाळली त्यांत आपले खानखोजे प्रमुख होते.

गिरणी आज नाही. १९२२ साली ती जळाली. त्याच वर्षी डिसेंबरात अस्टोरियाची मुख्य बाजारपेठही आगीत गेली. पूर्वेकडच्या नदीकाठी आता जुन्या लाकडी खुंटांच्या काळ्या रांगा पाण्यात उभ्या आहेत. एकेका खुंटावर एकेक पाणकावळा वाऱ्याकडे तोंड करून बसलेला. पाजीने खिशातून फोटो काढला. फेटा बांधलेला, पाश्चात्त्य कोट घातलेला, पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक तरुण. फोटोच्या मागे काही लिहिलेले नाही. बाबाजी नेमक्या याच गिरणीत होते का, हे सांगणारा कागद घरात नाही. "नाव एवढंच राहिलं, आणि नाव खरं निघालं," तो म्हणाला. त्याने फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत परत ठेवला, कारण पाऊस सुरू झाला होता.

मग त्याने मला विचारले, "आमच्याकडे जालंधरला दर वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला गदरी बाबांचा मेळा भरतो. देशभगत यादगार हॉलमध्ये सगळ्यांचे फोटो आहेत, तुमच्या पिंगळ्यांचासुद्धा. शाळेतल्या पोरांना त्यांचं नाव माहीत असतं. तुमच्याकडे काय होतं?"

विष्णु गणेश पिंगळे हे पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे. पुण्याहून नगरकडे जाताना शिक्रापूरला आत वळले की हे गाव लागते. जन्म १८८८ चा. शिक्षणाचा काही भाग दुसऱ्या तळेगावात, दाभाड्यांच्या तळेगावच्या समर्थ विद्यालयात झाला. हे राष्ट्रीय शिक्षण देणारे विद्यालय सरकारच्या डोळ्यांत खुपत असे. यंत्रांची आवड असलेला हा तरुण १९११ च्या सुमारास अमेरिकेत आला आणि सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये इंजिनिअरिंग शिकू लागला. वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. पुणे जिल्ह्यातला मुलगा, वायव्य अमेरिकेत, इंजिनिअरिंगला! आपल्या मंडळाच्या यादीत अशी किती नावे निघतील?

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्रज अडचणीत आहेत, हीच वेळ आहे, असे ठरवून गदरचे लोक शेकड्यांनी मिळेल त्या बोटीने भारताकडे निघाले. त्याच उन्हाळ्यात 'कोमागाता मारू' जहाजातून आलेल्या ३७६ प्रवाशांपैकी मोजके सोडून बाकीच्यांना व्हँकुव्हरच्या बंदरातून दोन महिन्यांनी परत पाठवले गेले होते. ती आग ताजी होती. सरकारलाही सुगावा होता. सप्टेंबरमध्ये खास वटहुकूम निघाला आणि परतणाऱ्यांपैकी अनेकांना बंदरावरच तुरुंगात किंवा गावी नजरकैदेत टाकले गेले. पाजीचे बाबाजी अडकले ते याच जाळ्यात. पिंगळे मात्र 'सालामिस' बोटीने नोव्हेंबर १९१४ मध्ये कलकत्त्याला उतरले आणि निसटले. त्यांनी रासबिहारी बोस यांची गाठ घेतली आणि बंगालचे क्रांतिकारक व पंजाबात पोचलेले गदरवाले यांच्यातला दुवा ते झाले. लाहोरपासून पूर्वेकडे अनेक छावण्यांतल्या देशी पलटणींनी एकाच दिवशी उठाव करायचा, असा बेत होता. दिवस ठरला २१ फेब्रुवारी १९१५. फितुरीचा वास आल्यावर तो १९ फेब्रुवारीवर आणला. पण खबऱ्या आतलाच होता. बेत फसला, धरपकड झाली. तरीही पिंगळ्यांनी नाद सोडला नाही. २३ मार्च १९१५ रोजी मीरतच्या घोडदळाच्या छावणीत ते बाँबसह पकडले गेले. ते बाँब अर्धी पलटण उडवायला पुरेसे होते, अशा अर्थाची नोंद पुढे सरकारी अहवालात झाली.

लाहोरच्या खास न्यायालयाने सप्टेंबरात २४ जणांना फाशी सुनावली. व्हाइसरॉयने त्यांतल्या १७ जणांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. उरले सात. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात त्या सातांना फाशी झाली. करतारसिंग सराभा १९ वर्षांचा होता. भगतसिंग पुढे त्याचा फोटो खिशात बाळगत. त्या सातांत सहा पंजाबी होते, आणि सातवे विष्णु गणेश पिंगळे, वय २७.

पाजीच्या प्रश्नाला मी सांगितले ते असे: त्यांच्या गावात त्यांची आठवण आहे, क्रांतिकारकांवरच्या मराठी पुस्तकांत त्यांचे नाव येते. पण ज्या प्रदेशात त्यांनी शिक्षण घेतले आणि हा निर्णय केला, तिथे आज हजारो मराठी माणसे राहतात, आणि आमच्या कार्यक्रमपत्रिकेत १६ नोव्हेंबर नाही.

आता त्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. 'सगळ्यांत' बाबाजी धरले होते का? याचेही उत्तर अस्टोरियातच मिळते. हॅमंडच्या गिरणीत काम केलेला आणि गदरशी संबंध असलेला एक तरुण होता भगतसिंग थिंड. तो १९१८ मध्ये अमेरिकन सैन्यात भरती झाला. १९२० साली ओरेगनच्या न्यायालयाने त्याला नागरिकत्व दिले. सरकार अपिलात गेले. तेव्हाच्या कायद्याने 'गोऱ्या' व्यक्तींना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांनाच नागरिक होता येत असे. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वंशशास्त्र काही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे भारतीय 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेतले गेले. थिंडना ते अखेर १९३६ साली मिळाले, माजी सैनिकांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली. सर्व भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला तो १९४६ च्या कायद्याने, आणि तेव्हाही भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना प्रवेश होता. राष्ट्रवार कोट्यांची ती भिंत पडली १९६५ साली. आपण, आपल्या आधीचे काका-मावशी, सगळे आलो ते त्यानंतर उघडलेल्या दारातून. ग्रीन कार्डाच्या रांगेत आपण किती वर्षे उभे होतो हे आपण एकमेकांना हौसेने सांगतो. त्या रांगेच्या पुढच्या टोकाला ही गिरणीतली माणसे उभी होती, आणि त्यांच्या वेळी रांगच नव्हती, बंद दार होते.

खानखोज्यांचा मका राहिला. महायुद्धाच्या काळात ते तुर्कस्तान-इराणमार्गे भारताकडे सरकत लढत होते. भारताची वाट बंद झाली तेव्हा फिरत फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या नव्या जाती काढल्या, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिको सिटीतल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले, भाकरी वाटणारा माणूस म्हणून. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोला त्यांच्या पुतळ्याचे अनावरण आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांनी केले. कोर्व्हॅलिसला शिकलेली शेतीविद्या वाया गेली नाही. ती मेक्सिकोच्या शेतकऱ्याच्या ताटात गेली.

अस्टोरियाने आपला वाटा विसरलेला नाही. २०१३ साली शताब्दीच्या वर्षी गावाने समारंभ केला आणि नदीकाठच्या उद्यानात गदरच्या स्थापनेचा फलक बसवला. बेलिंगहॅमनेही २०१८ मध्ये आपल्या १९०७ च्या कृत्याची आठवण म्हणून दगडी कमान उभारली. ज्यांच्या पूर्वजांनी हाकलले त्यांनी हे लक्षात ठेवले आहे, तर ज्यांच्यासाठी हे घडले त्या आपण निदान तिथवर जायला हवे.

म्हणून एक सूचना करतो. अस्टोरिया पोर्टलंडहून शंभर मैलांच्या आत आहे. पुढच्या खेपेला आई-वडिलांना कॅनन बीचवर नेलेत की घरी वळण्याआधी उत्तरेला तासभर पुढे जा. टेकडीवरच्या अस्टोरिया कॉलमच्या १६४ पायऱ्या मुले आनंदाने चढतील, वरून नदी, समुद्र आणि १९६६ साली बांधलेला चार मैलांचा पूल दिसेल. मग खाली नदीकाठी या, फलक वाचा आणि मुलांना तळेगाव ढमढेरे नकाशावर कुठे आहे ते दाखवा. मंडळाच्या कार्यकारिणीलाही विनंती आहे. दिवाळीचा कार्यक्रम बहुधा नोव्हेंबरातल्या सभागृहाच्या तारखेवर होतो. त्यात नाटकाची घंटा होण्याआधी पाच मिनिटे विष्णु गणेश पिंगळे यांच्यासाठी ठेवावीत. पाजीने यायचे कबूल केले आहे, आणि गदरची गोष्ट मुलांना सांगायचेही.